आहेर मॅडमचा एकपानी संताप

माझं चष्म्याचं दुकान आणि आहेर मॅडमचं टायपिंगचं दुकान यांच्या मध्ये एक प्लायवूड होतं. भिंत म्हणायला लाज वाटावी इतकं पातळ. त्यामुळे नाशिकरोडच्या त्या गल्लीत सात वर्षं मी फुकटात नाटक ऐकलं. रोज दोन खेळ, शनिवारी तीन. नाटकात मुख्य पात्र एकच आणि रसही एकच, रौद्र.

सुरुवात ठरलेली असे. गिऱ्हाईक आपला जुना बायोडाटा पुढे करी. कागद उलगडल्याचा आवाज येई. मग शांतता. त्या शांततेत मी माझ्या गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम घट्ट धरून ठेवायचो, कारण पुढे काय होणार ते मला माहीत असे, त्याला नसे, आणि दचकून काडी डोळ्यात गेली असती.

"हाई काय शे?"

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं शुद्ध. पण चाळीस वर्षं शहरात काढून जे शिकल्या ते सगळं रागाच्या पहिल्या फटक्यात गळून पडायचं आणि खालून अहिराणी वर यायची. हे काय आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या ज्या सुरात विचारायच्या, त्यात 'आणि तू हे जिवंतपणी कसं लिहिलंस' हेही असायचं.

अंगाने किरकोळ, साठीच्या आतबाहेर. खळ घातलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, कानाच्या मागे लाल पेन. कुणाचाही बायोडाटा बसून वाचायच्या नाहीत. उभ्याने वाचायच्या, आणि तोही रोखलेला श्वास सुटायच्या आत. मग कागद पालथा करून म्हणायच्या, "साहेब तुला एवढाच वेळ देतो. आता विचार, मला तुझं काय आठवतंय."

"काय आठवतंय, मॅडम?"

"काहीच नाही! ती तुझी महिरपीची बॉर्डर तेवढी आठवतेय."

दुकानावर पाटी होती: 'नोकरीचा सीव्ही करून मिळेल. लग्नाचा बायोडाटा मिळणार नाही. खोटं लिहायला सांगू नये.' त्याखाली एका दुपारी मी खडूने लिहिलं, 'रडू नये.' चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पुसलंही नाही.

लग्नाच्या बायोडाटावर त्यांचा विशेष राग होता आणि त्याला कारण होतं. आपल्याकडे घरात पहिला बायोडाटा तयार होतो तो ताईच्या लग्नाचा. नंतर धाकटा नोकरीला निघाला की तीच फाइल उघडून नाव बदलतो. त्यामुळे मॅडमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या कागदांवर वर गणपती, खाली कुलदैवत, मग उंची, रंग, रास, नाडी आणि मामांचं गाव. एकदा मनमाडचा एक मुलगा आला, डिप्लोमा झालेला, केस पाण्याने चापून बसवलेले. मॅडमनी कागद हातात घेतला. नेहमीचा प्रश्न गर्जून झाला. मग एकेक ओळ मोठ्याने वाचू लागल्या.

"वर्ण निमगोरा. तू मशीन चालवणार की मशीनला दाखवायला जाणार आहेस?"

"ते राहून गेलं, मॅडम."

"मामा मु. पो. नांदगाव. मामा मुलाखतीला येणार आहेत?"

"नाही."

"अपेक्षा," मॅडमचा आवाज अचानक खाली आला, "मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी व कायम नोकरीत असावा. हे तू किती कंपन्यांना पाठवलंस?"

"तेवीस."

मी प्लायवूडला कान लावून तोंडात रुमाल कोंबला होता. मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "बाकी सगळं काढ. ही अपेक्षा मात्र काही चूक नाही. तेवीस कंपन्यांत एकही निर्व्यसनी नव्हती म्हणून उत्तर आलं नाही, असं समजू."

त्या दिवशी त्याचं पान करून दिलं त्यांनी. नाव आधी, आडनाव नंतर, कारण गुणपत्रिकेसारखं उलटं लिहिलं की साहेब फोनवर आडनावानेच हाक मारतो. ईमेल नवीन काढायला लावला. जुना 'मनमाडचा राजा' असा काहीसा होता. "राजाला कोण कामावर ठेवतं? त्यांना कामाला माणूस हवाय." अक्षर एकाच जातीचं. चौकटी नाहीत, कारण आता कागद आधी संगणक वाचतो आणि त्याला चौकटीच्या आतलं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. फाइलला नाव स्वतःचं, 'न्यू फायनल दोन' नाही. आणि शेवटी पोराला दरडावलं, "फोनवरचं ते गाणं काढ. साहेबाने तुला फोन करायचा आणि आधी तुझ्या प्रेमभंगाचं कडवं ऐकायचं?"

पैसेवाल्यांनाही सूट नव्हती. गल्लीतल्याच एका डॉक्टरांचे चिरंजीव एकदा पुण्याहून करून आणलेला रंगीत सीव्ही दाखवायला आले. दाखवायलाच, करून घ्यायला नाही. त्यात कौशल्यांपुढे तारे होते. इंग्रजी पाच तारे, नेतृत्व पाच तारे, मराठी चार.

"मराठीचा पाचवा तारा कुठे सांडलास रे?"

"तसं नाही, आंटी, ते प्रोफेशनल दिसतं."

"नेतृत्व पाच. कोणाचं केलंस?"

"कॉलेजच्या गॅदरिंगचं."

"मग लिही ना तसं! किती मुलं होती, काय केलं, काय बिघडलं, तू काय निस्तरलंस. तारे कशाला? तू हॉटेल आहेस?"

चिरंजीव रागाने निघून गेले. तिसऱ्या दिवशी गुपचूप परत आले. बाहेर येताना मी त्यांचा चेहरा पाहिला. धुवून वाळत घातल्यासारखा. पण हातात एक पान होतं आणि त्या पानावर एकही तारा नव्हता.

'एक आव्हानात्मक पद मिळवणे हे माझे ध्येय' हे वाक्य दिसलं की त्या लाल पेनने असं खोडायच्या की कागदाला भोक पडायचं. "आव्हान कुणाला हवंय? तुला काम हवंय. मग काम काय येतं ते सांग." प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा. "उठल्यापासून नको सांगू. टेबलाशी बसल्यापासून सांग. हाताने काय करतोस?"

एवढा राग एका माणसाला पुरतो कुठून, याचं मला कुतूहल होतं. एवढंच माहीत होतं की अंबडला एका कारखान्यात त्या बावीस वर्षं कार्मिक विभागात टायपिस्ट होत्या आणि तो कारखाना बंद पडला. मी एकदोनदा खोदून पाहिलं. "चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "तुम्ही नंबर तपासता ना? तेवढंच तपासा."

मग रंजना खैरनार आली.

एकलहऱ्याची. पस्तिशीची. तिच्याकडे बायोडाटा नव्हताच, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. सिन्नरच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात कंत्राटावर कामाला होती. दुसऱ्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला कायम माणसं घेणार होते, थेट, कंत्राटदाराशिवाय. अर्ज पाठवायला आठ दिवस उरले होते. आणि तिच्या सध्याच्या कंत्राटदाराने सांगून ठेवलं होतं की महिना संपला की सगळ्यांनी नव्या ठेकेदाराच्या नावावर नव्याने भरती व्हायचं.

मॅडमनी कागद पाहिले आणि मी वाट पाहत होतो ती आरोळी आलीच नाही. मी खुर्चीवरून उठून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. न ओरडणाऱ्या आहेर मॅडम मी पाहिल्या नव्हत्या.

"हेल्पर," त्या म्हणाल्या. "सगळीकडे हेल्पर. तू कुणाला हेल्प करतेस?"

"कुणाला नाय, मॅडम. मी एकटीच असते टेबलाला."

"काय करतेस?"

"पीस येतो. त्याच्या भोकात गेज घालायचा, मापाची दांडी. एक बाजू गेली पायजे, दुसरी जायला नको. दुसरी पण गेली तर भोक मोठं झालंय, मग पीस लाल क्रेटात."

"किती पीस?"

"चारशे, साडेचारशे. शिफ्टला."

"कधी काही सापडलं?"

रंजना थोडी लाजली. "एकदा सापडलं. रात्रपाळीचा अख्खा माल आला, भोक मोठं. केसाएवढं. मी लाईन थांबवली. सुपरवायझर लय ओरडला, म्हणे हेल्परने लाईन थांबवायची नसते. मग मोठे साहेब आले, त्यांनी स्वतः मोजलं. टूल सरकलं होतं."

"मग?"

"मग सुपरवायझरचा फोटो लागला बोर्डावर. महिन्याचा उत्तम कामगार."

इथे मॅडमनी कीबोर्डावर मूठ मारली. पडद्यावर जी जी जी अशी एक ओळभर अक्षरं उमटली.

आणि अजून पुढचं यायचं होतं. पाच कागद, पाच वेगवेगळ्या कंत्राटदारांची नावं, आणि दर दोन कागदांमध्ये पंधरा-वीस दिवसांची खाच. दर दीड-दोन वर्षांनी ठेकेदार बदलायचा, नाहीतर तोच ठेकेदार आपलं नाव बदलायचा. मधले दिवस बायकांना घरी बसवायचं, म्हणजे नोकरी सलग धरली जात नाही. टेबल तेच, गेज तोच, लाल क्रेट तोच. पण कागदावर बघाल तर ही बाई नऊ वर्षांत पाच नोकऱ्या सोडून आलेली, कुठेच न टिकणारी हेल्पर.

"मी असं करू का," रंजनाने हळूच विचारलं, "आधीचं काहीच नाय लिहीत. नवीनच आहे म्हणते."

"नऊ वर्षं फेकून देतेस?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. आता कुठे नेहमीचा आवाज लागला. "त्यांनी पाच तुकडे केले, तू उरलेलं पण जाळून टाक! तुले काही समजस का?"

त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. त्यातून आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलीचा शाळेतला फोटो आणि रबरबँड लावलेले नऊ गेटपास पडले. रंजनाने ते का ठेवले होते, तिलाच माहीत नव्हतं. फोटो चांगला आला होता म्हणून, म्हणाली. मॅडमनी पहिला उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग मला म्हणाल्या, "चष्मेवाले, भिंग आणा."

मी पळत जाऊन भिंग आणलं. गेटपास कंत्राटदार देत नाही, कारखान्याची सिक्युरिटी देते. आणि सिक्युरिटीला खोटं छापायला सांगायचं सगळे विसरले होते. नऊच्या नऊ पासांवर कारखान्याचं नाव, रंजनाचा दरवर्षी थोडा थकत गेलेला चेहरा, आणि खाली बारीक अक्षरात: विभाग, तपासणी.

दोन दिवस मॅडमनी ते एक पान केलं. सोळा वेळा छापलं आणि पंधरा वेळा फाडलं. वर नाव, फोन. मग तपासणीचं काम, नऊ वर्षं, एकच कारखाना, एकच टेबल. शिफ्टला किती पीस, कोणती मोजमापाची साधनं, आणि ती लाईन थांबवल्याची गोष्ट साध्या दोन ओळींत, सुपरवायझरला वगळून. खाली पाचही कंत्राटदारांची नावं तारखांसकट. "लपवायचं काही नाही. लपवलं की त्यांना सापडतं आणि आपण चोर ठरतो." हुद्दा कागदोपत्री हेल्पर, तेही लिहिलं. आणि त्याच्या वर एक ओळ, जी मी आजवर वाचलेल्या कुठल्याही बायोडाटात पाहिली नाही: 'कंत्राटदार बदलले, काम बदललं नाही.'

मुलाखतीचं बोलावणं आलं. तालमीसाठी साहेबाचं काम मला मिळालं. मंडळी, मी या भूमिकेसाठी जन्मलो होतो! दुकानातली सगळ्यात जाड काळी फ्रेम चढवली, मोबाइल पालथा टेबलावर ठेवला, न बघता पान उचललं आणि एक उसासा टाकला.

"खैरनार. हं. पाच नोकऱ्या. टिकत नाही वाटतं तुम्ही कुठे?"

रंजनाने मान खाली घातली. मला चेव आला. मी खुर्चीत मागे रेललो आणि पदरचं वाक्य घातलं, "समजतं हो आम्हाला. बायकांच्या घरच्या अडचणी असतात."

लाल पेन माझ्या छातीवर येऊन आदळलं.

"बंद करा!"

"अहो मॅडम, नाटक आहे..."

"नाटक नाही ते. हेच वाक्य. अगदी हेच. मी म्हटलंय हे, लोकांना, तोंडावर."

मग त्या उभ्याउभ्याच बोलल्या, कुणाकडे न बघता. अंबडच्या कारखान्यात अर्जांचा गठ्ठा यायचा. तीनपेक्षा जास्त नोकऱ्या दिसल्या की बाजूला काढायचा हुकूम होता. त्या काढायच्या. आणि कंत्राटदारांच्या याद्या तयार करायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"हुद्द्याचा रकाना असायचा. साहेब म्हणायचे, सगळ्यांना हेल्पर टाका, उगाच पुढे वाद नकोत. मी पहिल्या नावापुढे हेल्पर टाइप करायची, त्या चौकटीचा कोपरा धरायची आणि माउसने खाली ओढायची, की खाली सगळ्यांपुढे तेच. एका झटक्यात दोनशे माणसं. त्यात वेल्डर होते. वायरमन होते. मी एकेकाला ओळखत होते. तरी ओढायची खाली."

मी चष्मा काढून ठेवला.

रंजनाच म्हणाली, "तुम्ही नसतं ओढलं मॅडम, तर दुसऱ्या कुणी ओढलं असतं."

"हे म्हणू नकोस!" प्लायवूड थरथरलं. "या एका वाक्यावर सगळे कारखाने चालतात. चल, पुन्हा. चष्मेवाले, लावा तो चष्मा. पाच नोकऱ्या का सोडल्या, विचारा तिला."

मी विचारलं. पाचसहा वेळा विचारलं. सहाव्या वेळी रंजनाने मान वर केली. "साहेब, मी एक पण नोकरी सोडली नाय. माझं टेबल एकच होतं. पाच जण आले नि गेले, ते ठेकेदार होते."

"नाय नको म्हणू," मी म्हणालो.

"नायच म्हण," मॅडम म्हणाल्या.

मुलाखतीत तिला हेच विचारलं गेलं, याच सुरात. तिने हेच सांगितलं, नऊ गेटपास टेबलावर मांडले. मग कुणीतरी तिच्या हातात एक पीस आणि गेज दिला. तिने तो तपासून बाजूला ठेवला आणि म्हणाली, हा लाल क्रेटाचा आहे. तो साहेबांनी मुद्दामच बिघडलेला ठेवला होता. तिची निवड झाली. आमच्या गल्लीत मी पेढे वाटले, मॅडमनी एक घेतला आणि तो फार गोड आहे म्हणून रागावल्या.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. रंजना ते घेऊन धावत आली. कायम नोकरी, विभाग तपासणी. मॅडमनी नेहमीसारखं उभ्याने वाचलं आणि एका ओळीवर थांबल्या. पद: हेल्पर.

जुन्या कागदांवरून कुणीतरी उतरवून घेतलं होतं. कुणीतरी कोपरा धरून खाली ओढलं होतं.

"जाऊ द्या मॅडम," रंजना म्हणाली. "कायम तर झाले ना." पण पत्र काही तिने पिशवीत ठेवलं नाही.

मी आता स्फोटाची वाट पाहत होतो. मलाच संताप आला होता, माझ्यासारख्या दात काढत फिरणाऱ्या माणसाला. नऊ वर्षं एका बाईने केसाएवढी चूक पकडायची, आणि तिच्या नावापुढची हत्तीएवढी चूक कुणाला दिसू नये! पण मॅडम बसल्या. कागद हातात असताना कधी नव्हे त्या बसल्या. म्हणाल्या, "माझ्या नावाचं पत्र नाही हे. तू सांग. सही करायची तर कर, मी एक शब्द बोलणार नाही."

रंजनाने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"जायचं," ती म्हणाली. "तिथे जायचं."

मी गाडी काढली. पत्र बदलून मिळालं हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. दीड तास लागला, पण 'कनिष्ठ निरीक्षक' असं छापलेलं नवं पत्र घेऊनच ती बाहेर आली. मला सांगायचंय ते त्याआधीच्या काही मिनिटांचं, कारण पुढच्या महिन्यात मी गावाला गेलो असताना मॅडमनी दुकान आवरलं आणि त्या सटाण्याला बहिणीकडे गेल्या. त्यामुळे त्यांचं म्हणून जे चित्र माझ्याकडे राहिलं, ते त्या गेटवरचं आहे.

आत फक्त रंजनाला सोडलं. तिला सिक्युरिटी केबिनच्या मागच्याच खोलीत बसवलं होतं. आम्ही बाहेर उन्हात. मॅडम दाराजवळ पर्स छातीशी धरून. आधी काहीच ऐकू येईना. मग एका पुरुषाचा समजावणीचा, कंटाळलेला आवाज. सिस्टीममध्ये आहे तसं येतं, नंतर बघू, एवढ्याशा शब्दाने काय होतं. मग रंजनाचा आवाज. आधी हळू. मग स्पष्ट. मग इतका मोठा की गेटवरचे दोन ट्रकवालेही वळून बघू लागले. थांबत होता, अडखळत होता, पण खाली येत नव्हता.

वॉचमन चपापला. टोपी सावरत आत निघाला. "बाई, हे काय चाललंय? असं ओरडता येत नाही इथं."

मॅडम त्याच्या आडव्या आल्या. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. दिसला तो फक्त चौकटीवर टेकवलेला त्यांचा बारीक हात, त्यावरचं पुरुषी घड्याळ, आणि ऐकू आला तो अगदी हळू, शुद्ध, शाळेच्या पुस्तकातला आवाज.

"थांबा दादा. तिचं वाक्य अजून संपलेलं नाही."